भात शिजेपर्यंत

हे लिहायला बसण्याआधी मी बरेच दिवस टाळाटाळ केली, ते आधीच कबूल करतो. आमच्या घराण्यात कुणी काही लिहिलेलं नाही. आजोबांचा अंगठा आणि वडिलांची कशीबशी सही, एवढंच आमचं लेखन. मी शिकलो, पुढे शाळेत शिकवलं, फळ्यावर आयुष्यभर लिहिलं. पण फळ्यावरचं पुढच्या तासाला पुसलं जातं आणि त्याचा कुणी जाब विचारत नाही. इथे लिहिलेलं राहील, याची मला भीती वाटते. शिवाय जे सांगायचं आहे ते मुलं वाढवण्याविषयी आहे, आणि त्यात कुणाला शहाणपण सांगावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. घडलं ते उलटंच. तेव्हा ज्यांना हा आगाऊपणा वाटेल त्यांनी मला क्षमा करावी. माझ्या बहिणीला जे येत होतं ते मला येत नव्हतं, एवढंच नोंदवून ठेवायचं आहे. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी लिहितो आहे.

आमचा पाडा मासवणच्याही पुढे, डोंगराकडे. तिथे तेव्हा वीज नव्हती, आणि पावसाळ्यात ओढा भरला की दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नसे. मला पालघरला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा घरात कुणालाच कॉलेज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आई पाड्यात सांगत फिरली की लक्षा आता 'मोठ्या शाळेत' जातो. राहायचं कुठे हा प्रश्न होता, तो मोठ्या बहिणीने सोडवला. तिचं नाव सुमन, आम्ही तिला बाय म्हणायचो. ती बोईसरला एका चाळीत राहायची. तिचे यजमान काशिनाथ भावजी औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होते. एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. त्यात ती दोघं, त्यांचा नऊ वर्षांचा दिनू, नुकती चालू लागलेली मंदा, आणि आता माझी लोखंडी ट्रंक. भावजींच्या टाचांवरून कारखान्यात सध्या कोणता रंग चालू आहे ते कळायचं. ते आंघोळीला बसले की मोरीतून रंगीत पाणी बाहेरच्या गटारात जायचं आणि चाळीतली पोरं ओरडायची, "आज हिरवा, आज हिरवा!" भावजी आतून ओरडायचे, "तुमच्या बापाचा कोणता आला रे?"

त्या घरात सोमवार-मंगळवार नव्हते, पाळ्या होत्या. पहिल्या पाळीचा आठवडा असला की भावजी सकाळी जायचे ते दुपारी तीनला यायचे, आणि तोवर घर आमचं असायचं: रेडिओ, मंदाचं किंचाळणं, बायचं शेजारणीशी भिंतीपलीकडून बोलणं. रात्रपाळीचा आठवडा आला की ते दिवसा झोपायचे, आणि मग घराने श्वास धरल्यासारखं व्हायचं. बाय भांडी ओट्यावर न घासता मोरीत, खाली गोणपाट घालून घासायची. बांगड्या कोपराकडे सारून त्यांच्यावर फडकं बांधायची. कुकर होता घरात, तिच्या लग्नात आलेला, पण शिटी वाजते म्हणून तिने तो कधी वापरलाच नाही. पहिल्या पाळीतसुद्धा भात टोपातच शिजायचा. दिनूला तर कुजबुजत भांडायची सवय झाली होती. मंदाने त्याची पट्टी ओढली की तो तिच्या कानाशी जाऊन, अगदी प्रेमाचं काही सांगावं तसा, "सोड, नायतर मारीन" म्हणायचा.

हे सांगायला हवं, कारण तो खेळ आमच्या घरी आला तो याच शांततेसाठी. शेजारच्या खोलीत मिश्राजी नावाचे एक वेल्डर राहायचे. गावाकडे कायमचे परत निघाले, तेव्हा सामान बांधताना त्यांनी एक खोका दिनूच्या हातात ठेवला. "ले जा बेटा, मेरे भतीजे का है. वहाँ तो बिजली ही नहीं है, क्या करूँगा." त्यात टीव्हीला जोडायचा खेळ होता: एक पांढरट यंत्र, वायरीने जोडलेले दोन रिमोट, एक तापणारं ॲडॅप्टर, आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो खेळ असल्याचं छापलं होतं. आत फिरून फिरून तेच आठ-दहा निघत. भावजींनी आमच्या लहान काळ्या-पांढऱ्या टीव्हीला तो जोडून दिला आणि म्हणाले, "बरं झालं. मी झोपलो की पोरगा बाहेर बोंबलत नाय फिरणार. आवाज मात्र बंद ठेवायचा." म्हणून रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्याकडे मुका खेळ चालायचा. पडद्यावर स्फोट व्हायचे, आणि खोलीत फक्त भावजींचं घोरणं.

आता मी ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. दिनूला त्या खेळाचं वेड लागलं, कुठल्याही मुलाला लागेल तसंच. पहिले चार दिवस तो जेवायलाही उठेना. बायने आरडाओरडा केला नाही. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. पाचव्या दिवशी ती चुलीवर, म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हवर, भाताचं आधण ठेवून आली आणि म्हणाली, "दिन्या, भात शिजेपर्यंत. मग बंद." दिनूने विचारलं, "किती वेळ लागंल शिजायला?" ती म्हणाली, "ते तांदळाला विचार." मग दर थोड्या वेळाने दिनू उठून झाकण उघडून बघायचा. मध्येच तोच सांगायचा, "आई, पाणी आटलं, आता गॅस..." आणि स्वतःच जीभ चावायचा, कारण आमच्याकडे गॅस नव्हता, तो त्याने कुणाकडे तरी पाहिला होता. दुपारचा खेळ असाच कधी धुणं वाळेपर्यंत, कधी मंदा उठेपर्यंत. आणि शेवटची पाळी बायची. हा तिचा नियम. काम आटपलं की ती पदराला हात पुसत दिनूशेजारी फतकल मारून बसायची आणि दुसरा रिमोट घ्यायची. तिचा डाव संपला की दिनू उठून आपल्या हाताने टीव्ही बंद करायचा, वायर गुंडाळायचा, खोका कपाटावर ठेवायचा. बायचा हा नियम चालला तेवढ्या दिवसांत बंद करताना तो एकदाही कुरकुरला नाही. आईबरोबर खेळून झाल्यावर आणखी काय करायचं होतं त्याला?

बायला एकच खेळ आवडायचा, रणगाड्यांचा. पडद्याच्या तळाशी मधोमध विटांनी वेढलेलं एक ठाणं असायचं. वरून शत्रूचे रणगाडे यायचे, आणि दोघांनी मिळून ते ठाणं सांभाळायचं. बाय त्याला घर म्हणायची. "तू जा बाहेर, मी घरी थांबते," असं दिनूला सांगून ती आपला रणगाडा विटांशेजारी उभा करायची आणि तिथून हलायची नाही. खेळताना तिचं सगळं अंग खेळायचं. रणगाडा डावीकडे वळला की तीही डावीकडे कलायची, मंदा मांडीवरून घरंगळायची. एकदा पहिल्या पाळीच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या मुरबे गावची मासळीवाली मावशी ओट्यावर पाटी उतरवून ओरडली, "सुमन, ए सुमन, बोंबील बघ कसे हायत!" बाय आतून किंचाळली, "थांब गो मावशे, माज्या घरात घुसले!" मावशी कोयता घेऊनच आत आली. "कोन घुसला? कुटं हाय मेला?" आम्ही तिघं पडद्यासमोर, आणि ती दारात कोयता उगारून. कळल्यावर ती कपाळावर हात मारून खाली बसली. "एवडी बाई झालीस, दोन लेकरांची आय. लाज नाय वाटत?" आणि दुसऱ्याच क्षणी पुढे वाकून, "अगो, तो बघ, मागसून आला! मार त्याला, मार!" एवढ्यात बाहेर मांजराने पाटीत तोंड घातलं. मावशी जाताना म्हणाली, "तुज्या रणगाड्याला सांग, माजा बोंबील भरून दे." त्या दिवशी बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाताना दिनूला आठवण येऊन इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला, आणि बाय त्याच्या पाठीवर थापट्या मारताना स्वतःच हसत होती. मला ते घर आठवतं ते असं आठवतं.

मी मात्र त्या हसण्यात अर्धाच होतो. पहिल्या वर्षी माझा इंग्रजी विषय राहिला होता. वर्गात सर काही विचारायचे आणि मी उभा राहून गप्प असायचो. माझ्या मागे कुणी नव्हतं, म्हणजे ज्याला विचारावं असं कुणी नव्हतं, वडील फक्त "पास होशील ना?" एवढंच विचारायचे, आणि तेही माझ्याकडे न बघता. अशा माणसाला कुठेही छापलेलं, कुणीही व्यासपीठावरून बोललेलं खरं वाटतं. दुसऱ्या वर्षी कॉलेजात एका पाहुण्या वक्त्यांचं व्याख्यान झालं. या खेळांनी मुलांची बुद्धी बधिर होते, शिस्त हवी, वेळापत्रक हवं, असं ते म्हणाले. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. आज मला त्या गृहस्थांविषयी काही म्हणायचं नाही. ते त्यांच्या समजुतीने बोलले. माझं चुकलं ते असं की मी ऐकलेल्या व्याख्यानाची घरात रोज बघत असलेल्या गोष्टीशी एकदाही तुलना केली नाही. बायचं भाताचं मोजमाप मला अडाणीपणाचं वाटायचं. खेळावर नियम हवा तर तो पट्टीने आखलेला, आकड्यांत हवा.

मी कार्डशीटवर वेळापत्रक आखून भिंतीवर चिकटवलं. खेळ फक्त रविवारी, अर्धा तास, तोही गणितं बरोबर आली तर. गजराचं घड्याळ लावायचं. बायने मध्ये खेळायचं नाही, लक्ष विचलित होतं. ॲडॅप्टर माझ्या ट्रंकेत, कुलपात. बाय हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघत राहिली. "काय लिवलंय?" तिने विचारलं. मी वाचून दाखवलं. "आणि मी नाय खेळायचं?" तिने हसतच विचारलं, पण मी हसलो नाही, तेव्हा तीही थांबली. "बरं बाबा. तू शिकलेला." भावजी चिडवून म्हणाले, "मास्तर, माझ्या घोरण्याचं पण टाईमटेबल करून दे." पण त्यांना ते आवडलं होतं. आपल्या भिंतीवर आपल्या घरातल्या माणसाच्या हातचं असं काही लागलं, हे त्यांनी कारखान्यातल्या दोघा-तिघांना आणून दाखवलंही.

त्या रविवारी दिनू टीव्हीकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत खेळला. गजर झाला तेव्हा त्याने रिमोट सोडला नाही. मी प्लग काढला. तो रडला. त्याआधी त्या खेळापायी तो कधीच रडला नव्हता. ही गोष्ट माझ्या समोर घडली आणि माझ्या ध्यानात आली नाही. मी वहीत लिहिलं, 'व्यसनाची लक्षणं.' आता पालक माझ्याकडे येतात. मी निवृत्त झालो तरी गावातली माणसं सवयीने येतात, मुलगा मोबाईल सोडत नाही म्हणून. ते मला विचारतात, गुरुजी, किती मिनिटं द्यावा? मी त्यांना विचारतो, तो काय खेळतो ते तुम्हाला ठाऊक आहे का, त्याच्याशेजारी कधी बसलात का? ते हसतात. त्यांना वाटतं मी म्हातारा झालो.

परीक्षा आली. माझे पेपर आणि भावजींची रात्रपाळी एकाच वेळी. मी दुपारभर खोलीत पुस्तक घेऊन बसायचो, ते पलीकडे झोपलेले. दिनूची शाळा सकाळची होती. दुपारी तो घरात नसायचा, ते मला बरंच वाटायचं, कुठे जातो ते मी विचारलं नाही. एके दिवशी पेपर देऊन पालघरहून परतलो, एसटीतून बाजाराजवळ उतरलो. पंक्चर काढायच्या दुकानाच्या मागे पडदा लावून एकाने व्हिडिओ गेमची खोली काढली होती, आत चार-पाच टीव्ही. पडदा वाऱ्याने उडाला आणि आत दिनू दिसला. मोठी मुलं खेळत होती, तो मागे भिंतीला टेकून उभा होता. हातात काही नव्हतं, पण दोन्ही अंगठे हलत होते. मी आत शिरलो आणि त्याचा कान धरला. मालक म्हणाला, "अरे भाईसाब, मारो मत. खेलता थोड़े है, खड़ा रहता है बेचारा. रोज आता है." मी त्यातलं 'रोज आता है' तेवढं घेतलं. सगळ्या बाजारातून त्याला तसाच कान धरून घरी नेलं. तो रडला नाही. मध्ये एकदा फक्त म्हणाला, "मामा, चप्पल राहिली." मी थांबलो नाही.

आमच्या आवाजाने भावजी उठून बसले. डोळे लाल, झोप अर्धी. मी सगळं सांगितलं, जरा रंगवूनच. त्यांनी दिनूला एक ठेवून दिली, मग डोकं धरून बसले. "मी तिकडं रंगात बुडालेला, ही घरात एकटी. मास्तर, आता तूच सांग काय करायचा याचा." सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या दिवशी पेपर अवघड गेला होता. कॉलेजात मला कुणी कधी काही विचारत नसे, आणि इथे एक मोठा माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "माझ्या आश्रमशाळेत पाठवा. मी तिथेच घडलो."

बाय एकदम पुढे आली. "अरे लक्षा, तुला धाडला कारण घरात खायला नव्हता. आय रडत होती धाडताना. याला घरात काय कमी हाय?"

"शिस्त कमी आहे."

"पोरगा वाईट नाय रे. तू त्याला इचार तरी, तो तिकडं कशाला..."

"बाय, तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो.

ती मोरीत जाऊन टोप घासायला लागली, खाली गोणपाट न घालता.

जूनमध्ये मीच त्याला सोडायला गेलो. मासवणवरून पुढे जाणारी एसटी, टपावर त्याची नवी पत्र्याची पेटी. बायने बरोबर नाचणीच्या भाकऱ्या आणि भाजलेला सुका जवळा बांधून दिला होता. ते फडकं त्याने मांडीवर धरून ठेवलं, उघडलं नाही. मनोर गेलं, चढ लागला. मग तो खिडकीकडे बघतच म्हणाला, "मामा, मी सोता बंद करीन टीवी. मी करतच होतो ना? तुमी बघितलंय." मी म्हणालो, "तिथे तुला खूप मित्र मिळतील." यापेक्षा लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात बोललो असेन असं मला वाटत नाही. शाळेविषयी माझी तक्रार नाही. गुरुजी चांगले होते, माझ्या वेळचे एकजण होतेच. त्यांनी मला ओळखून पाठीवर हात ठेवला. ज्या घरी जेवायला नसतं त्या मुलाला ती शाळा आईसारखी असते. मला होती. दिनूची आई मात्र बोईसरला होती, धडधाकट.

दिवाळीला तो घरी आला. उंच झाला होता, केस बारीक कापलेले. ओट्यावर येऊन उभा राहिला आणि आत येईना. बायने ओढून आत घेतला. थोड्या वेळाने त्याने हाताची घडी घातली आणि विचारलं, "आई, पाणी पिऊ का?" बायला समजलंच नाही. "काय?" "पाणी पिऊ का?" माठ त्याच्या हाताशी होता. जेवायला बसल्यावर तो ताटाभोवती डावा हात कुंपणासारखा ठेवून भराभर जेवला. मी ते ओळखलं. सुट्टीत घरी आलो की मीही तसाच जेवायचो, आणि माझी आई बघून न बघितल्यासारखं करायची. जेवण झाल्यावर बायने कपाटावरून खोका काढला. ॲडॅप्टर तिने माझ्याकडून आदल्या दिवशीच मागून घेतला होता, आणि मीही मुकाट्याने दिला होता. भावजी पहिल्या पाळीला गेलेले, टीव्हीचा आवाज मोठा केलेला. स्टोव्हवर काही नव्हतं, सगळं आधीच शिजवून ठेवलेलं. तिने दोन्ही रिमोट पुढे धरले. "चल, तू बाहेर जा, मी घर सांभाळते." दिनूने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नको आई. वेळ फुकट जातो." ते शब्द माझे होते, माझ्या वेळापत्रकाखाली मी तांबड्या शाईने लिहिलेले. बाय एकटीच खेळायला बसली. तिचं घर लवकरच पडलं, तिला एकटीने कधी जमलंच नव्हतं.

तो मंदाला घेऊन बाहेर गेल्यावर ती माझ्याकडे न बघता बोलली. "हे झोपलेले, तुझा पेपर. मीच त्याला रोज बोलायची, बाहेर जा, आवाज नको. उन्हात पोर कुटं जाईल? मला बोलला, आई, तिकडं पंखा हाय, उभं राहू देतात."

मी विचारलं, "त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तू बोललास ना, मला कळत नाय. मला वाटलं, खरंच कळत नसंल."

तेव्हाच उठून त्याला परत घरी आणायला हवं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, मग आणलं का नाही? मला याचं धड उत्तर देता येत नाही. वर्ष सुरू झालं होतं. सहामाहीत तो वर्गात पहिला आला होता आणि भावजी गुणपत्रक खिशात घेऊन फिरत होते. मी इंग्रजीत सुटलो होतो, चाळीत मला लोक मास्तर म्हणू लागले होते, आपली पोरं घेऊन सल्ल्याला येत होते. चूक माझी होती हे मला आणि बायला ठाऊक होतं, आणि ती कुणाला सांगणारी नव्हती. मी ठरवलं, दिनू मोठा झाला की त्याला सांगेन: तुझं काही चुकलं नव्हतं, तू घरात राहायला हवा होतास, मामा चुकला. तो दहावी झाला, आयटीआय केलं, वापीला नोकरीला लागला. दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचा, वाकून पाया पडायचा. माझ्याशी बोलताना त्याचे हात नेहमी घडी घातलेले. त्याच्या लग्नात सांगेन असं ठरवलं, मांडवात गर्दी होती. भावजी गेले तेव्हा ठरवलं. बाय गेली तेव्हा दहाव्याला आम्ही दोघं नदीकाठी शेजारी शेजारी उभे होतो, मी त्याचं नावही घेतलं, "दिनू," आणि तो "बोला मामा" म्हणून वळला, आणि मी म्हणालो, "गाडी सावकाश चालव."

या वर्षी शाळा सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी मंदाचा फोन आला. ती सासरी बोईसरलाच असते, अधूनमधून खुशाली विचारते. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "मामा, तुमाला कळलं का? दादानं सोहमला होस्टेलात टाकला. लांब, नाशिकच्याही पुढं." सोहम दिनूचा मुलगा, नऊ वर्षांचा.

"का?" मी विचारलं.

"मोबाईलवर गेम खेळायचा ना सारखा. वहिनी लई रडली, ऐकलं नाय त्यानं. मी पण भांडली त्याच्याशी. तर बोलला, मामानं माझं वेळेवर केलं म्हणून मी माणसात आलो, मी पण तेच करणार." आणि पुढे म्हणाली, "बोलला, मामाला कळव, त्यांना बरं वाटेल."